पित्याच्या नावाचा रकाना

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात पित्याचे संपूर्ण नाव, त्याचा व्यवसाय, कायमचा पत्ता आणि तळाशी पालकाची स्वाक्षरी असे जे चार रकाने असतात, ते भरताना घरादारातल्या मुलाला क्षणभरही थांबावे लागत नाही. परंतु ज्याचे बालपण बालगृहात सरले आणि अठरा वर्षे पूर्ण होताच ज्याला सज्ञान ठरवून त्या बालगृहाच्या पटावरून कमी करण्यात आले, त्याची लेखणी नेमकी तेथेच अडते. बारावीचा निकाल आणि अठरावा वाढदिवस बहुधा मागेपुढेच येतात, हा दुर्योग कोणत्याही बालगृहाच्या अधीक्षकाला नवा नाही.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील ४६ व्या कलमाने या मुलांच्या पुढील सांभाळाची, म्हणजे शासकीय परिभाषेतील ‘अनुरक्षणा’ची, तरतूद केली असून केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. मात्र त्या कलमाची भाषा ‘साहाय्य देता येईल’ अशी आहे, ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. आणि कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या माणसाला या दोन क्रियापदांतले अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले, हे निःसंशय मोठे पाऊल होय. तथापि त्याची किल्ली आहे अनाथ प्रमाणपत्र, आणि ते मिळते महिला व बालविकास विभागाच्या विभागीय उपायुक्तांकडून. अकोल्याच्या मुलाचा अर्ज जिल्हा कार्यालयातून अमरावतीस जाणार, तेथे त्याची छाननी होणार. प्रवेशाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून हे प्रमाणपत्र बालगृहातून निघण्यापूर्वीच मुलाच्या हाती पडणे अगत्याचे आहे.

पित्याच्या नावाच्या रकान्याचा प्रश्न परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे एका वृद्धाने अत्यंत सरळ मार्गाने सोडविला. शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानकांवर आणि उकिरड्यांवर टाकून दिलेल्या शंभराहून अधिक मुलांना, ज्यांतली बहुसंख्य अपंग अथवा मतिमंद, आपल्या आश्रमात आणले आणि पित्याच्या जागी स्वतःचेच नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि त्याच वर्षी त्यांच्या एका दृष्टिहीन कन्येने, अमरावतीत पदवीपर्यंतचे शिक्षण घेऊन, राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. मला यांपैकी दुसरी वार्ता अधिक मोलाची वाटते. अठरा वर्षांनंतर या मुलांना आश्रमाबाहेर काढू नये, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा, हा बाबांचा आग्रह फार जुना आहे. त्यांनी तो अर्जविनंत्यांत मांडला खरा, पण त्याआधी स्वतःच्या घरी आचरला.

पैसा आणि कागद यांपलीकडे आणखी एक अडचण आहे, जी कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. दिवाळी आली की वसतिगृहे ओस पडतात, खानावळ बंद होते, मुले पेट्या घेऊन एस. टी. स्थानकाची वाट धरतात. ज्याला गावच नाही त्याने त्या पंधरवड्यात कोठे जावे? इंग्लंडच्या २००० सालच्या कायद्याने उच्च शिक्षण घेणाऱ्या अशा विद्यार्थ्याला सुट्टीत निवारा देण्याचे कर्तव्य स्थानिक शासनसंस्थेवर टाकले आहे. आपल्याकडे ही जाणीव परकी नव्हे: याच अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले, आणि बेघरांना आसरा व गरीब मुलामुलींना शिक्षण ही दोन्ही कर्तव्ये ज्यांच्या दशसूत्रीत आहेत, त्या गाडगेबाबांचेच नाव येथील विद्यापीठ प्रत्येक पदवीपत्रावर मिरविते. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या प्राचार्यांना एवढीच विनंती की, येत्या दिवाळीत वसतिगृहाला कुलूप लावण्यापूर्वी कोणी मागे राहणार आहे काय याची विचारपूस करावी, आणि राहणार असल्यास एक खोली व एक चूल चालू ठेवावी.