नवं यकृत, पुढचं आयुष्य (भाग ४) : पहिल्या वर्षानंतर

रिजेक्शन, जंतुसंसर्ग, पित्तनलिकेतले अडथळे या पहिल्या काही महिन्यांतल्या धोक्यांविषयी मागच्या भागात लिहिलं होतं. ते पार पडले की घरचे विचारतात, आता पुढे किती वर्षं?

पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार ढोबळमानाने शंभरातले नव्वद रुग्ण एक वर्ष, पंचाहत्तर पाच वर्षं आणि साठेक दहा वर्षं जगतात. वय आणि मूळ आजार यांप्रमाणे हे आकडे बरेच बदलतात. १९६७ मध्ये डेन्व्हरला टॉमस स्टार्झल यांच्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणातलं मूल वर्षभराहून थोडं अधिक जगलं होतं. भारतात १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेलं वीस महिन्यांचं बाळ आज डॉक्टर आहे. प्रतिकारशक्ती आवरून धरणाऱ्या सायक्लोस्पोरिन आणि नंतर टॅक्रोलिमस या औषधांशिवाय एवढी मजल मारता आली नसती.

त्याच औषधांची किंमत मात्र पुढे मूत्रपिंडांना मोजावी लागते. टॅक्रोलिमसमुळे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. अमेरिकेतल्या २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात यकृत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के जणांची मूत्रपिंडं पाच वर्षांत गंभीररीत्या निकामी झालेली आढळली. शिवाय रक्तदाब चढतो, साखर वाढते. बरीच वर्षं उलटल्यावर होणाऱ्या मृत्यूंत कर्करोग, हृदयविकार आणि संसर्ग यांचा वाटा मोठा असतो. रिजेक्शनचा त्यामानाने थोडा. म्हणून ‘लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढ्यावर निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं. क्रिएटिनिन, साखर, रक्तदाब आणि वजन हेही त्याच फाइलमध्ये हवं. आजारपणात वाळलेल्या माणसाची भूक परत आली की घरचे प्रेमाने शिरा-तूप वाढतात. त्यातूनच वजन सुटतं आणि नव्या यकृतावरही चरबी चढू लागते.

गोळ्यांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल त्या दिवशी रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं, गोळी नंतर घ्यायची. पपनस खायचं नाही. त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणायच्या नाहीत, कारण त्यांचा मार मूत्रपिंडांवरच बसतो.

आणि गुळवेल. करोनाकाळात घरोघरी तिचा काढा उकळत होता. तो घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्यारोपण झालेल्यांसाठी तर प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सल्लाच उलटा आहे. ती आवरून धरायलाच ते रोज गोळी घेतात. शेजारून आलेला काढा नम्रपणे परत करा.

तपासण्या लांबायला लागतात त्या साधारण दोन-तीन वर्षांनी, सगळं सुरळीत असताना. कॉलेजात जाणारी मुलं तर गोळीच चुकवतात. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.