गुडघेदुखीची गोळी : फायदा किती, धोका कुठे

काम कसे होते? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या दाहशामक गोळ्या सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अडवतात. त्यामुळे दाह आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी तयार होतात. दुखणे उतरते; झिजलेली कूर्चा मात्र भरून येत नाही.

धोका कुठे? हीच द्रव्ये जठराचे अस्तर आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही सांभाळतात. ती घटली की व्रण, रक्तस्राव संभवतो. काळी, डांबरासारखी शौच झाली तर तातडीने दवाखाना गाठावा.

सोनारीचे ऊन : काळभैरवनाथाचे हे गाव परंडा तालुक्यात, धाराशिव या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आहे. रणरणत्या उन्हात खुरपणी करताना घाम जातो, पाणी कमी पडते. अशा वेळी घेतलेली गोळी मूत्रपिंडांना अधिक जाचते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो.

हृदयाची किंमत : सांधेदुखीवरचे याच गटातले ‘व्हायॉक्स’ (रोफेकॉक्सिब) हृदयविकार आणि पक्षाघाताच्या वाढत्या धोक्यामुळे ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतले गेले.

आधी मलम : गुडघ्यासाठी दाहशामक जेल वापरण्याची ठाम शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत केली. त्यातले औषध रक्तात फार कमी उतरते.

गोळी लागलीच तर : डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, जेवणानंतर घ्यावी. दोन दाहशामके एकत्र घेऊ नयेत. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर नियंत्रण सोबत हवेच.