खेळाडूंशी होणारे मतभेद आणि फुटबॉल व्यवस्थापकाची जाहीर भूमिका : एक विवेचन

प्रस्तावना :

संघ हा समान ध्येयाने बांधलेल्या व्यक्तींचा समूह असला, तरी त्या व्यक्तींचे हितसंबंध प्रत्येक वेळी समान असतातच असे नाही. फुटबॉलच्या संघातून एका वेळी अकराच खेळाडू मैदानात उतरू शकतात. त्यामुळे दर सामन्याला कोणाला तरी वगळावे लागते, कोणाची तरी जागा बदलावी लागते आणि कोणाच्या तरी अपेक्षेला धक्का बसतो. या निर्णयांची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्या व्यवस्थापकाचे एखाद्या खेळाडूशी मतभेद होणे ही म्हणूनच अपवादात्मक घटना नव्हे. तो त्याच्या कामाचाच एक भाग होय. मतभेद झाला म्हणून संघ मोडत नाही. तो कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत मांडला गेला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

इंग्लंडमधील प्रीमिअर लीग असो वा युरोपीय स्पर्धा, सामन्यापूर्वी व सामन्यानंतर पत्रकारांना सामोरे जाणे हे व्यवस्थापकाचे बंधनकारक कर्तव्य असते. म्हणजेच संघातील वादाविषयी बोलायचे की नाही, याची निवड पूर्णपणे त्याच्या हाती राहत नाही; प्रश्न विचारला जाणारच असतो. अशा वेळी त्याने काय बोलावे, किती बोलावे आणि काय बोलू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात सन २००२ ते २०२३ या काळातील पाच घटनांच्या आधारे केला आहे.

व्यवस्थापकाच्या अधिकाराचे स्वरूप :

ब्रिटिश फुटबॉलच्या परंपरेत ‘मॅनेजर’ म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे. सराव, डावपेच आणि संघनिवड यांबरोबरच खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही त्याचा शब्द मोठा मानला गेला. मँचेस्टर युनायटेडमध्ये १९८६ ते २०१३ अशी सुमारे सत्तावीस वर्षे काम केलेले अ‍ॅलेक्स फर्ग्युसन हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. परंतु एवढा प्रभाव असलेल्या व्यवस्थापकाच्या अधिकारालाही एक मूलभूत मर्यादा असते. खेळाडूचा करार क्लबशी असतो, व्यवस्थापकाशी नसतो. खेळाडूला संघातून वगळणे व्यवस्थापकाच्या हाती आहे; त्याचा करार संपवणे किंवा त्याच्यावर आर्थिक दंड लादणे हे क्लबचे अधिकार आहेत आणि तेही नियमांनी व खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारांनी सीमित आहेत.

ही मर्यादा ध्यानात घेतली म्हणजे जाहीर वक्तव्याचा पहिला निकष हाती येतो. व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात असलेल्या निर्णयापुरतेच बोलावे. अधिकाराबाहेरची घोषणा त्याने केली, तर ती पाळून दाखवण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे नसते. आणि घोषणा मागे घ्यावी लागली की कमी होते ती त्याचीच पत.

श्रोतृवर्गाचा प्रश्न :

‘जाहीर’ या शब्दाला फुटबॉलमध्ये तीन पातळ्या आहेत. पहिली पातळी ड्रेसिंग रूमची, म्हणजे सहकारी खेळाडूंची. दुसरी क्लबच्या पदाधिकाऱ्यांची. आणि तिसरी पत्रकार व प्रेक्षकांची. दोन माणसांत बंद खोलीत झालेल्या वादात कोणीही एक पाऊल मागे घेऊ शकतो, कारण ते पाऊल कोणाला दिसत नाही. तिसरी व्यक्ती उपस्थित झाली की माघारीला पराभवाचे रूप येते. श्रोतृवर्ग जितका मोठा, तितकी माघार महाग. सायपानमधील प्रसंगात याचा प्रत्यय येतो.

सायपान, २००२ :

विश्वचषकापूर्वीच्या तयारीसाठी आयर्लंडचा संघ मे २००२ मध्ये पॅसिफिक महासागरातील सायपान बेटावर उतरला होता. कर्णधार रॉय कीन तेथील व्यवस्थेवर असमाधानी होता. सरावाचे मैदान कडक होते, सरावसाहित्य वेळेवर पोचले नव्हते. ही नाराजी त्याने ‘आयरिश टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत व्यक्त केली आणि ती २३ मे रोजी प्रसिद्ध झाली. व्यवस्थापक मिक मॅकार्थी यांनी संपूर्ण संघाची बैठक बोलावून, सर्वांसमक्ष, त्या मुलाखतीबद्दल कीनकडे जाब मागितला. कीनने तितक्याच तीव्रतेने आणि अपशब्दांसह प्रत्युत्तर दिले. परिणामी स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच कर्णधाराला मायदेशी पाठवण्यात आले.

मुलाखत देण्यात कीनची चूक नव्हती, असे म्हणता येणार नाही. तथापि सर्व सहकाऱ्यांसमोर जाब विचारल्यामुळे कीनपुढे दोनच मार्ग उरले : शरणागती किंवा उघड बंड. मॅकार्थी यांनाही त्यानंतर सौम्य होता आले नाही. कीनशिवाय खेळूनही आयर्लंडने बाद फेरी गाठली व स्पेनकडून पेनल्टी किक्सवर पराभव पत्करला. त्यामुळे संघ कोसळला असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. परंतु आयरिश फुटबॉल संघटनेने पुढे करवून घेतलेल्या चौकशीच्या अहवालात तयारीतील त्रुटी मान्य करण्यात आल्या आणि मॅकार्थी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पद सोडले. तक्रारीत तथ्य होते. मात्र ज्या पद्धतीने ती हाताळली गेली, तीत तक्रार मागे पडली आणि व्यक्ती तेवढी समोर राहिली.

म्युनिक, २०११ :

अधिकाराबाहेरच्या घोषणेचे उदाहरण मँचेस्टर सिटीच्या इतिहासात आढळते. २७ सप्टेंबर २०११ रोजी म्युनिक येथे बायर्नविरुद्धच्या सामन्यात राखीव बाकावर बसलेल्या कार्लोस तेवेझने मैदानात उतरण्यास नकार दिला, असे व्यवस्थापक रॉबर्टो मॅन्चिनी यांनी सामन्यानंतर सांगितले. आणि आपल्या हाताखाली तो पुन्हा खेळणार नाही, असेही जाहीर केले. तेवेझने हा गैरसमज असल्याचे म्हटले. क्लबने चौकशी केली तेव्हा दोषारोप ठेवण्यात आला तो शरीर तापवण्याचा सराव पुन्हा सुरू न केल्याचा. खेळण्यास नकार दिल्याचा नव्हे. खेळाडूंच्या संघटनेने हस्तक्षेप केला आणि चार आठवड्यांच्या वेतनाचा प्रस्तावित दंड दोन आठवड्यांवर आला.

व्यवस्थापकाने रागाच्या भरात जे सत्य म्हणून सांगितले, ते संस्थेच्या चौकशीत तसेच्या तसे टिकले नाही. पुढे तेवेझ परवानगीशिवाय अर्जेंटिनाला निघून गेला व अनेक महिने दूर राहिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने क्षमायाचना केली. २१ मार्च रोजी चेल्सीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याच्याच पासवर सामीर नासरीने विजयी गोल केला. १३ मे २०१२ रोजी सिटीने ४४ वर्षांनंतर साखळी विजेतेपद मिळवले, तेव्हा तेवेझ संघात होता. मॅन्चिनी यांनी आपला शब्द मागे घेण्याचा व्यवहारीपणा दाखवला, ही त्यांची जमेची बाजू. परंतु त्या रात्री ‘याची चौकशी क्लब करील’ एवढेच वाक्य उच्चारले असते, तर मागे घेण्यासारखे काही उरलेच नसते.

एका वाक्याची किंमत, २०२३ :

प्रत्येक हानिकारक वक्तव्य रागातूनच येते असे नाही. ३ सप्टेंबर २०२३ रोजी आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी जेडन सँचोची निवड का झाली नाही, असा प्रश्न मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक एरिक टेन हाग यांना विचारण्यात आला. सरावातील कामगिरी अपेक्षित दर्जाची नव्हती, असे शांतपणे दिलेले त्यांचे उत्तर होते. सँचोने समाजमाध्यमावर ते खोटे असल्याचे लिहिले आणि दीर्घकाळ आपल्याला बळीचा बकरा बनवले जात असल्याचा आरोप केला. त्याला मुख्य संघापासून वेगळा सराव करावा लागला. २०२१ मध्ये ७.३ कोटी पौंडांना घेतलेला हा खेळाडू जानेवारी २०२४ मध्ये तात्पुरत्या कराराने बोरुसिया डॉर्टमुंडकडे परतला आणि त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला.

टेन हाग यांच्या उत्तराचे समर्थन करता येते. त्यांनी खरे सांगितले, प्रेक्षकांना कारण कळले, इतर खेळाडूंना शिस्तीचा संदेश मिळाला. मात्र सरावात घडलेली गोष्ट बाहेरच्या कोणालाही पडताळता येत नाही. तेथे व्यवस्थापकाचा शब्द हाच पुरावा असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो दिला जातो त्याला उत्तर देण्याची संधी त्याच व्यासपीठावर नसते. मग तो आपले व्यासपीठ शोधतो. आजच्या खेळाडूजवळ लाखो अनुयायी असलेले असे व्यासपीठ खिशातच असते. ‘आज त्याची निवड झाली नाही’ हा निर्णय आहे. ‘तो पुरेसे कष्ट घेत नाही’ हा निवाडा आहे. निर्णय जाहीर करणे व्यवस्थापकाला अटळ असते, निवाडा जाहीर करणे नव्हे.

संयमित वक्तव्याचे उदाहरण, २०१९ :

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी वेम्बली मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्धच्या लीग कपच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या अखेरीस चेल्सीचा गोलरक्षक केपा अरिझाबालागा याने बाहेर येण्यास चक्क नकार दिला. बदली गोलरक्षक विली काबालेरो सीमारेषेवर उभा होता. व्यवस्थापक मौरिझिओ सारी यांचा संताप दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिला. अधिकाराचा याहून उघड अवमान कल्पिणे कठीण. चेल्सीने तो सामना पेनल्टी किक्सवर गमावला.

सामन्यानंतर मात्र सारी यांनी हा गैरसमज असल्याचे सांगितले. केपाला स्नायूंचा त्रास होत आहे असे आपल्याला वाटले होते आणि तो खेळू शकतो हे नंतर कळले, असा त्यांचा खुलासा होता. क्लबने एका आठवड्याच्या वेतनाचा दंड केला. टॉटनहॅमविरुद्धच्या पुढील सामन्यात केपाऐवजी काबालेरो खेळला. त्यानंतर केपा संघात परतला आणि २९ मे २०१९ रोजी बाकू येथे युरोपा लीगचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघाचा तो गोलरक्षक होता. येथे शिक्षा टळली नाही. ती शब्दांतून न देता कृतीतून दिली गेली, मोजकी राहिली आणि तिला शेवट होता.

मौनाच्या मर्यादा : क्नायस्ना, २०१० :

या विवेचनावरून व्यवस्थापकाने गप्प बसावे असा अर्थ घेतल्यास तोही चुकीचा ठरेल. १७ जून २०१० रोजी विश्वचषकातील मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात फ्रान्सचे प्रशिक्षक रेमंड डोमेनेक आणि निकोला अनेल्का यांच्यात खटका उडाला. दोन दिवसांनी ‘लेकिप’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर अनेल्काच्या तोंडी घातलेले अपशब्द झळकले. ते शब्द आपले नसल्याचे त्याने सांगितले. तरी फ्रेंच महासंघाने त्याला मायदेशी धाडले. २० जून रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्नायस्ना येथे खेळाडूंनी सराव करण्यास नकार दिला आणि त्यांचे निवेदन पत्रकारांसमोर स्वतः डोमेनेक यांना वाचून दाखवावे लागले. दोन दिवसांनी यजमान संघाकडून हरून फ्रान्स गटात शेवटच्या स्थानी राहिला.

वाद बंद खोलीत राहिला, पण मिटवला गेला नाही. मौन म्हणजे तोडगा नव्हे. तोडगा काढण्यासाठी मिळालेला तो अवधी असतो. तो अवधी वाया गेला की बातमीचे शब्द दुसरेच कोणी निवडतो. डोमेनेक यांच्याजवळ स्वतःचे निवेदन नव्हते, म्हणून अखेर त्यांच्या हाती खेळाडूंचे निवेदन आले.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. व्यवस्थापकाने निर्णय जाहीर करावा. खेळाडूच्या वृत्तीविषयीचा निवाडा जाहीर करू नये.

२. करार, दंड व चौकशी या क्लबच्या अधिकारातील बाबींवर स्वतः घोषणा करू नये.

३. ‘कधीही नाही’ यांसारखे शब्द टाळावेत. खेळाडूला परतण्याची आणि स्वतःलाही माघार घेण्याची वाट मोकळी ठेवावी.

४. शिक्षा आवश्यक असेल तर ती कृतीतून द्यावी, तिला निश्चित मर्यादा असावी आणि ती संपल्यानंतर विषय संपलेला असावा.

५. मौन पाळायचे असेल तर त्या काळात समेटाचा प्रयत्न झालाच पाहिजे, आणि बातमी फुटल्यास द्यावयाचे संक्षिप्त निवेदन तयार असले पाहिजे.

सामन्यांचे निकाल अनेक कारणांनी ठरतात. केवळ योग्य शब्दांनी विजेतेपदे मिळत नाहीत, हे मान्यच करावे लागेल. परंतु यात पणाला लागलेली गोष्ट विजेतेपदाहून वेगळी आहे. खेळाडूची कारकीर्द अल्पकाळाची असते. तिच्यातील काही महिने एका वाक्यापायी वाया गेले, तर ते भरून निघत नाहीत. दुसरीकडे, ज्याच्या अधिकाराची उघड अवहेलना झाली आहे अशा व्यवस्थापकाने उरलेल्या पंचवीस खेळाडूंसमोर दुसऱ्या दिवशी उभे राहायचे असते. या दोन्ही प्रतिष्ठा सांभाळणारी भाषा म्हणजे कमी बोलणारी, बोलल्याप्रमाणे वागणारी आणि परतीचे दार लोटून न घेणारी भाषा. समूहाचे नेतृत्व जेथे जेथे आहे, तेथे तेथे या भाषेची गरज आहे. फुटबॉलमध्ये ती दर आठवड्याला, कॅमेऱ्यासमोर, भासते एवढेच.