‘इन्शाअल्लाह, वाढेल!’ हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे?

गेल्या वर्षी ईद होऊन आठवडा झाला असेल. रात्रीचे जेवण आटोपत आले होते. माझ्या धाकट्या दिराने दस्तरख्वानावरच विषय काढला, “भाभी, दुसरी भट्टी टाकावी म्हणतो. कर्ज मिळतंय.”

आमची बेकरी सासऱ्यांच्या काळापासूनची. पाव, खारी, बटर, नानखटाई. रमजानमध्ये कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. त्या महिन्याचा गल्ला पाहून दिराची उमेद वाढली होती. अम्मी मात्र गप्प होत्या. व्याजाचा प्रश्न होताच, शिवाय घराचे कागद गहाण ठेवावे लागणार होते. त्या घरात आम्ही नऊ माणसे राहतो.

“धंदा वाढेल असं कशावरून वाटतं?” मी विचारले.

“वाटतंय, भाभी. भरवसा आहे.”

हा भरवसा अर्थशास्त्रात फार मोलाचा मानतात. छोट्या दुकानदाराला तो वाटला तर तो जादा माल भरतो, एखादा मुलगा कामावर ठेवतो. वाटला नाही तर हात आखडता घेतो. लाखो दुकानदारांनी एकदम हात आखडला की देशातला रोजगार आटतो, पण सरकारी आकड्यांत ते उमटायला काही महिने जातात. म्हणून अनेक देशांत धंदेवाल्यांना थेट विचारण्याची पद्धत आहे : पुढे काय दिसते?

दहा प्रश्न, एक आकडा

अमेरिकेत छोट्या व्यावसायिकांची ‘नॅशनल फेडरेशन ऑफ इंडिपेंडंट बिझनेस’ ही संघटना 1973 पासून आपल्या सभासदांना असे प्रश्न विचारते. आधी दर तिमाहीला, 1986 पासून दर महिन्याला. त्यातल्या दहा प्रश्नांच्या उत्तरांवरून एक निर्देशांक काढतात. 1986 ची पातळी 100 धरली आहे.

प्रश्न अगदी साधे आहेत. माणसे वाढवणार का? यंत्रसामग्रीवर खर्च करणार का? माल जास्त भरणार का? शिल्लक माल गरजेपेक्षा कमी आहे की जास्त? नफ्याचा कल कसा आहे? कर्ज मिळणे सोपे होईल की अवघड? विक्री वाढेल का, आणि तीही महागाई वगळून? देशाची परिस्थिती सुधारेल का?

हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल. शंभर दुकानदारांपैकी 30 म्हणाले ‘वाढेल’, 20 म्हणाले ‘घटेल’ आणि 50 म्हणाले ‘आहे तसेच’. तीसमधून वीस वजा केले की उत्तर अधिक 10. ‘आहे तसेच’ म्हणणारे हिशेबात धरत नाहीत. यात एक खोच आहे. 55 जण ‘वाढेल’ आणि 45 जण ‘घटेल’ म्हणाले तरी उत्तर अधिक 10 च येते. एका बाजारात शांतता आहे, दुसऱ्यात निम्मे लोक धास्तावलेले आहेत आणि आकडा मात्र एकच!

मन एक सांगते, वही दुसरे

ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेतला हा निर्देशांक 94.9 होता. डिसेंबरमध्ये तो 105.8 वर गेला. मधल्या काळात फक्त राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. नवे अध्यक्ष गादीवर बसले ते जानेवारी 2017 मध्ये आणि करकपातीचा कायदा झाला डिसेंबर 2017 मध्ये. ‘देशाची परिस्थिती सुधारेल’ या प्रश्नाचा निव्वळ आकडा तर नोव्हेंबर ते डिसेंबर या एकाच महिन्यात 12 वरून 50 वर गेला. 2024 च्या निवडणुकीनंतरही असेच झाले. ऑक्टोबरमध्ये 93.7 असलेला निर्देशांक नोव्हेंबरमध्ये 101.7 झाला.

एका महिन्यात दुकानातली गिऱ्हाइके इतकी वाढत नाहीत. बदलले होते ते मालकांचे मन. मन बदलणे खोटे नसते, त्याचाही परिणाम होतो. पण ‘देशाचे बरे होईल का’ या प्रश्नाला माणूस बऱ्याचदा आपल्या आवडीनिवडीने उत्तर देतो, आणि ‘पुढच्या महिन्यात माणूस ठेवणार का’ याचे उत्तर देताना त्याला गल्ला आठवतो.

हाच फरक मी माझ्या नववीच्या वर्गात करून पाहिला. मुलांना सांगितले, ओळखीच्या पाच दुकानदारांना विचारून या : पुढच्या महिन्यात धंदा वाढेल का? जवळजवळ सगळ्यांच्या वहीत एकच उत्तर : “इन्शाअल्लाह, वाढेल.” ज्यांनी देशमुखांच्या किराणा दुकानात किंवा पाटलांच्या गिरणीत विचारले, त्यांच्याकडे “देवाच्या कृपेने होईल की.” एका मुलीने हात वर केला, “मिस, हे ‘हो’च्या रकान्यात लिहायचं का?”

प्रश्न अचूक होता. ते उत्तर म्हणजे दुआ होती, अंदाज नव्हे. आपला दुकानदार उद्याबद्दल अशुभ बोलत नाही. तो त्याचा अदब आहे, पण पाहणी करणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला : पुढच्या महिन्यासाठी माल या महिन्यापेक्षा जास्त मागवला का? आता उत्तरे फुटली. काहींनी जास्त मागवला होता, काहींनी कमी. एकजण म्हणाला, “मागचाच विकला नाही.” हाच माणूस आदल्या दिवशी ‘वाढेल’ म्हणाला होता.

शितावरून भात, पण कोणत्या भांड्यातला?

आपल्या देशात काय चालते? रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखानदारीची पाहणी करते, ती मुख्यतः कंपन्यांची असते. लहान उद्योगांसाठी सिडबी आणि क्रिसिल यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये ‘क्रिसिडेक्स’ हा निर्देशांक सुरू केला. शून्य म्हणजे पूर्ण निराशा आणि 200 म्हणजे पूर्ण उमेद. सुरुवातीच्या पाहणीत 1,100 उद्योगांना विचारले होते.

आता दुसरा आकडा पाहा. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या पाहणीनुसार कंपनी म्हणून न नोंदलेले, शेतीबाहेरचे छोटे व्यवसाय देशात सुमारे 7 कोटी 34 लाख आहेत. त्यांत 12 कोटींहून जास्त माणसे काम करतात. शिलाईवाली, गॅरेजवाला, फळांची गाडी, मालेगाव-भिवंडीतला चार लूमवाला हे सगळे यातच येतात.

1,100 हा आकडा लहान म्हणून वाईट ठरत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातले हवे. जीएसटी नोंदणी किंवा बँकेच्या कर्जदारांच्या यादीतून नावे काढली, तर ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही त्याला कोण विचारणार? मग धोरणे ठरतात ती ज्यांना विचारले गेले त्यांच्या मनःस्थितीवर.

पुन्हा बेकरीत

दिराला मी एवढेच म्हटले, “मागच्या दोन-तीन वर्षांच्या वह्या काढ.”

वह्या निघाल्या आणि पहिलाच गोंधळ एप्रिलचा निघाला. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. 2023 मध्ये आपल्याकडे ईद 22 एप्रिलला होती, 2025 मध्ये 31 मार्चला. म्हणजे एका एप्रिलमध्ये तीन आठवडे रमजान आणि दुसऱ्यात एकही रोजा नाही. एप्रिलशी एप्रिल ताडला तर धंदा बुडाला असे वाटेल. मार्चशी मार्च ताडला तर दुप्पट झाला असे वाटेल. म्हणून पाहणी करणारे आकड्यांतून हंगामाचा चढउतार आधी वजा करतात. घरच्या हिशेबातही रमजान रमजानशीच ताडायला हवा आणि शाबान शाबानशी.

तसे ताडले. गल्ल्यातले रुपये वाढले होते, पण मैद्याची पोती मागच्या रमजानइतकीच लागली होती. वाढला होता तो भाव. बाकीच्या महिन्यांत तर दोन पोती कमीच.

दीर बराच वेळ वही पाहत बसला. मग म्हणाला, “घराचे कागद राहू देत, अम्मी.”

तेव्हापासून प्रत्येक चांद महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही चार ओळी लिहितो : पोती किती लागली, उधारी किती थकली, किती माल परत आला, पुढच्या महिन्यासाठी मैदा किती सांगितला. आपल्या घरात दुकान, लूम किंवा शिलाई मशीन असेल तर या चार ओळी आपणही लिहून पाहा. वर्षभरात त्यातून आपल्या घराचाच निर्देशांक तयार होईल.

भट्टीचा विचार दिराने सोडलेला नाही. “यंदा वाढेल,” तो अधूनमधून म्हणतो. अम्मी तस्बीह थांबवून आधी “इन्शाअल्लाह” म्हणतात आणि मग विचारतात, “पोती किती?”