दिवेलागणीचं फुलपाखरू आणि त्याचे दोन पोशाख

दिवेलागणीला बल्बभोवती तपकिरी पाखरू घिरट्या घालू लागलं की 'पतंग आला' म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा तो पतंग नसतोच. कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू तिन्हीसांजेलाच बाहेर पडतं आणि उजेडाकडे ओढलं जातं. ते भिंतीवर बसलं की त्याच्या मिशा निरखून पाहाव्यात. टोकाशी त्या जाड होतात. पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा निमुळत्या असतात.

यापेक्षा जुना गैरसमज खुद्द अभ्यासकांचा होता. पावसाळ्यात या फुलपाखराच्या मिटलेल्या पंखांवर बारीक रेघांची जाळी असते आणि कडेला ठसठशीत डोळे, पुढच्या पंखावर चार, मागच्यावर सहा. दिवाळीनंतर दिसणाऱ्या फुलपाखरांत हे डोळे विरून नुसते ठिपके उरतात. पुढच्या पंखाचं टोक आकड्यासारखं वळतं आणि सगळा पंख वाळक्या पानाचा होतो. तोही प्रत्येकाचा वेगळा: कुणी तांबूस, कुणी राखाडी, कुणाच्या अंगावर काळे डाग. म्हणून लिनियसने १७५८ मध्ये 'लेडा' नाव दिलेलं फुलपाखरू आणि पुढे क्रॅमरने 'इस्मेने' म्हटलेलं, या दोन जाती मानल्या गेल्या. फुलपाखरांचे अभ्यासक लायोनेल द निसेव्हिल यांनी कोलकात्यात अशी फुलपाखरं अंड्यांपासून वाढवली आणि १८८६ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. जाती दोन नव्हत्याच. एकाच फुलपाखराचे ते ऋतूंप्रमाणे होणारे दोन पोशाख होते.

पण म्हणजे तेच फुलपाखरू ऋतू पालटला की रंग बदलतं, असंही नाही. कोशातून बाहेर पडल्यावर पंखांची नक्षी कायमची ठरलेली असते. निर्णय त्याआधी, अळी आणि कोशाच्या अवस्थेत होतो. उबदार दिवसांत वाढलेल्या अळीचं फुलपाखरू डोळेवालं होतं, गारव्यात वाढलेल्या अळीचं पानासारखं. याच कुळातल्या एका आफ्रिकी फुलपाखरावरच्या प्रयोगांत दिसलं, की तापमानामुळे शरीरातल्या एका संप्रेरकाचं प्रमाण बदलतं आणि त्यावरून डोळ्यांचा आकार ठरतो. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते, की अळी हवा ओळखते आणि पोशाख मात्र पुढच्या, अजून न आलेल्या दिवसांसाठी शिवला जातो.

हे डोळे पक्ष्यांना घाबरवण्यासाठी असतात, हे तर सर्रास ऐकू येतं. पण पंखाच्या कडेवरचे असे लहान डोळे मुख्यतः शत्रूचा नेम चुकवतात. त्याच आफ्रिकी फुलपाखरावर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंडोबाचे किडे, म्हणजे प्रार्थनाकीटक, सोडले गेले. डोळेवालं फुलपाखरू त्यांना लवकर दिसलं, पण हल्ला पंखाच्या कडेवर झाला. कड फाटते, जीव वाचतो. कोरड्या दिवसांत मात्र जमिनीवर वाळका पाचोळा असतो, आणि त्यात न दिसणंच सर्वांत उपयोगाचं.

बीडसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात फुलपाखरं कसली, असंही कुणी म्हणतं. तिथल्या नायगावच्या मयूर अभयारण्याचं नाव निघतं तेही मोरांसाठी. पण इव्हनिंग ब्राऊनला घनदाट जंगल लागत नाही. त्याची अळी गवतवर्गातल्या झाडांवर वाढते आणि ज्वारी त्यातलीच. हिरवी, डोक्यावर दोन शिंगं असलेली ही अळी पानाच्या खालच्या बाजूला सापडते. पान कुरतडलेलं दिसलं की फवारणीचा पंप पाठीवर घेण्याची घाई होते, पण पीक बुडवणारी ही अळी नव्हे. ज्वारीला खरा धोका खोडकिडा आणि लष्करी अळीचा.

दिवसा हे फुलपाखरू बांधावरच्या झुडपाखाली, आमराईच्या पाचोळ्यात निपचित बसतं. पाय पडायची वेळ आली तरच उठतं, चार हातांवर पुन्हा बसतं आणि दिसेनासं होतं. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, उन्हाळ्याआधी बांध जाळतात, तेव्हा तिथे काहीच जिवंत नव्हतं असं आपण धरून चालतो. ज्या पाचोळ्यासाठी हा सगळा पोशाख बनला, तो नेमका तिथेच असतो.