श्वानसंगत : दातांचे वजन
लेखांक ९

साखळीचे प्रकरण आज पुरे करीन असे गेल्या खेपेस कबूल केले होते. परंतु मिरजेहून एका भगिनींचे पत्र आले असून त्यातील तक्रार इतकी घरोघरची आहे, की साखळीसाठी आणखी आठवड्याची मुदत मागून घेणेच मला इष्ट वाटते. त्यांच्या घरी अडीच महिन्यांचे पिल्लू आहे. ते सहा वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या धरते, सासूबाईंच्या लुगड्याच्या काठाला लोंबकळते आणि कुरवाळणाऱ्या हातावर टाचण्या टोचाव्यात तसे दात रोवते. शेजारी सुचवितात, नाकाडावर चापट द्या. सासूबाई म्हणतात, जबडा दाबून धरा. आणि बाई विचारतात, हे जनावर मुळातच खुनशी तर नाही ना?

मुळीच नाही. कुत्र्याला हात नसतात. वस्तू मऊ की कठीण, सजीव की निर्जीव, याची सारी रुजुवात त्याला तोंडानेच करावी लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात, दीड-दोन महिन्यांत २८ पुरे होतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागून सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात त्यांची जागा घेतात. आणि या अवधीत हिरड्या शिवशिवत असल्यामुळे चपलेपासून मनगटापर्यंत काहीही त्याला वर्ज्य नसते. दात सुईसारखे तीक्ष्ण, जबडा मात्र दुर्बल, या योजनेचे मला अनेक वर्षे नवल वाटत आले आहे. कारण वेदना पुरेपूर आणि इजा अल्प, असे ज्या वयात घडते त्याच वयात आपल्या चाव्याचा परिणाम जाणून घेण्याची संधी पिल्लाला मिळते.

ही शाळा मी प्रथम जतकडच्या एका धनगराच्या अंगणात पाहिली. कारवान जातीची चार भावंडे एकमेकांवर तुटून पडत होती. एकाने दुसऱ्याचा कान अंमळ जोराने धरला. दुसरे कळवळून केकाटले आणि खेळ सोडून आईच्या आडोशाला जाऊन बसले. चावणारे क्षणभर जागीच थबकले, मग पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग उंच करून त्याने खेळाचे आर्जव केले, आणि या खेपेस तोच कान अशा हलक्या तोंडाने धरला की भावंडाने हूं की चूं केले नाही. आचळाला दात लागताच आईही निमूटपणे उठून चालती होते. मारझोड नाही, शिक्षा एकच, सोबत तुटणे.

या शाळेतून मी माझ्या खंड्याला पाचव्याच आठवड्यात उचलून आणले. आठ आठवडे भरेतो पिल्लू आईपासून तोडू नये, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. त्या कसुरीची भरपाई माझ्या पुतणीच्या रक्ताळलेल्या बोटाने केली आणि भावंडांचे राहिलेले काम मला करावे लागले.

त्याचा क्रम असा. आरंभी प्रत्येक दातास मज्जाव करू नये. फक्त सर्वांत जोराचा चावा नामंजूर करावा. हात झटकू नये, कारण पळता हात आणि पळती पोटरी या पिल्लाला शिकारच वाटतात. हात सैल सोडून एकदाच "आई गं" म्हणावे, उठावे आणि पंधरा-वीस सेकंद दाराआड जावे. मग परतून खेळ पुन्हा मांडावा. ओरडण्याने अधिकच चेकाळणारी पिल्ले असतात, त्यांच्यासाठी मुकाट्याने उठणेच पुरे. जोराचे चावे थांबले की मध्यम चाव्यांवर तोच कायदा लागू करावा, आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास त्वचेला दात लागणेच बंद करावे. तोवर चघळावयास गार पाण्यात भिजवून पिळलेला फडक्याचा पीळ द्यावा. संध्याकाळी जे पिल्लू विशेष चावते ते बहुधा झोपेला आलेले असते. या वयात त्याला दिवसाची सोळा-अठरा तास झोप लागते. मुलाने हाताची घडी घालून झाडासारखे उभे राहावे, आणि दोघांना एकटे कधीही सोडू नये. चापटीने पिल्लू एवढेच शिकते की माणसाचा हात भयंकर आहे. दात लागून कातडी फुटलीच, तर पिल्लू घरचे असले तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना न लावता डॉक्टरांकडे जावे. यात हयगय नको.

आधी हलके चावणे आणि मग न चावणे, हा उलटा वाटणारा क्रम कशासाठी? न चावण्याचा नियम वेदनेच्या एका क्षणी मोडू शकतो. दातांचे वजन शिकलेले तोंड त्या क्षणीही ते वजन विसरत नाही. खंड्या सहा वर्षांचा असताना त्याच्या पंजात बाभळीचा काटा खोल रुतला. मी तो उपटताच त्याची मान विजेसारखी वळली आणि माझे मनगट त्याच्या जबड्यात गेले. उष्ण श्वास जाणवला, चारही सुळ्यांचा ओला स्पर्श जाणवला. मग जबडा उघडला, आणि कातडीवर ओरखडादेखील नव्हता. ज्या बोटातून त्याने एकदा रक्त काढले होते, त्याच बोटाने पुतणीने त्याच्या पंजाला मलम लावले.

साखळी पुढील आठवड्यात.