प्रवाहाची वीज आणि ५९ टक्क्यांची वेस

मोठ्या धरणावरील टर्बाइन पाण्यातील सुमारे ९० टक्के ऊर्जा कामी लावते. मग भरती-ओहोटीच्या किंवा नदीच्या मोकळ्या प्रवाहात, धरणावाचून उभारलेले टर्बाइन ४० टक्क्यांच्या आसपासच का घुटमळते? दोष यंत्र बनविणाऱ्यांचा नाही. धरणाचे पाणी नळातून कोंडून आणलेले असते. पात्यांवरून जाण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. मोकळा प्रवाह मात्र अडथळ्याला बगल देतो. पात्यांनी त्याची सारीच गती हिरावून घेतली, तर पाणी तेथेच थबकेल आणि मागून येणारे बाजूने निघून जाईल. प्रवाहाचा वेग एक-तृतीयांशावर आणला असता सर्वाधिक, म्हणजे ५९.३ टक्के ऊर्जा हाती लागते, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली पवनचक्कीसंदर्भात गणिताने दाखवून दिले. पाण्यालाही तोच न्याय. (अरुंद कालव्यात ही वेस ओलांडता येते, पण त्याची किंमत म्हणून पाणी वरच्या अंगाला तुंबते.) त्यामुळे रुंद नदीत ७० टक्के कार्यक्षमतेची हमी देणाऱ्या विक्रेत्याला, हे टक्के नेमके कशाचे, एवढे अवश्य विचारावे.

खरे तर टक्क्यांपेक्षा वेग महत्त्वाचा. ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला एक मीटर वेगाच्या समुद्रप्रवाहात दर चौरस मीटरमागे जेमतेम ५१२ वॉट असतात. वेग दुप्पट झाला की ते आठपट, सुमारे ४,१०० वॉट होतात. म्हणून यंत्र सुधारण्याआधी जागा नीट निवडावी लागते. पाणी हवेहून आठशेपटींनी दाट असल्याने हा एक मीटरचा संथ प्रवाहही ताशी ३४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची बरोबरी करतो.

उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉक या खाडीमुखाशी २००८ मध्ये उभारलेले 'सीजेन' हे याचे उत्तम उदाहरण. १६ मीटर व्यासाची दोन चक्रे, क्षमता १.२ मेगावॉट. सेकंदाला २.४ मीटर वेगाला हिशेब केला तर कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या थोडी वर येते, आणि ती उत्तमच म्हणायला हवी. ओहोटी लागली की पाती १८० अंशांत फिरत. दुरुस्तीसाठी चक्रे पाण्याबाहेर उचलता येत. ही दुसरी सोय अधिक मोलाची, कारण खारे पाणी, शेवाळ आणि गाळ यांच्याशी झुंजताना यंत्र किती दिवस चालू राहते यावरच विजेचा दर ठरतो. २०१९ पर्यंत हे यंत्र काढून घेण्यात आले. स्कॉटलंडमधील 'मेजेन' प्रकल्पात मात्र पुढे दीड मेगावॉटची चार टर्बाइने समुद्रतळावर बसविली गेली.

आपल्याकडे २०११ मध्ये कच्छच्या आखातासाठी ५० मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला, पण तो कागदावरच राहिला. भरतीची वेळ वर्षभर आधी छापता येते, ही खात्री वारा आणि ऊन देत नाहीत. खर्चाचे कोडे मात्र सुटायचे आहे.